फायबर अडतं कुठे?

डोंबिवलीत नेट गेलं की पहिला फोन केबलवाल्याला जातो आणि सगळा राग कंपनीवर निघतो. साहजिक आहे. पण एका सोसायटीत चार कंपन्या आणि शेजारच्या सोसायटीत एकच, किंवा पलीकडच्या गल्लीत फायबर आलं आणि आपल्याकडे वर्षभर नाही, याची उत्तरं बरेचदा परवानग्यांच्या फायलींत असतात. त्याभोवती काही गैरसमज मात्र पक्के बसलेत.

‘महापालिकेने हो म्हटलं की काम सुरू.’ सगळे रस्ते महापालिकेचे असते तर हे खरं ठरलं असतं. समजा, शिळफाट्याहून डोंबिवली पश्चिमेला जमिनीखालून फायबर न्यायचं आहे. कल्याण-शीळ रस्त्याचं रुंदीकरण एमएसआरडीसीकडे, औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसी, आतल्या रस्त्यांवर कल्याण-डोंबिवली महापालिका, आणि पूर्वेहून पश्चिमेला जाताना मध्ये रेल्वेचे रूळ. दार बदललं की अर्ज बदलतो. केंद्राने नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘राइट ऑफ वे’चे, म्हणजे मार्गाच्या हक्काचे, नियम आणले. ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं, अशी तरतूद त्यांत होती. कागदावर उत्तम! पण असल्या ‘समजलेल्या’ परवानगीवर भर रस्त्यात जेसीबी लावायची हिंमत कोण करणार? २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. तरी अर्जावर सही शेवटी स्थानिक कार्यालयातच होते.

‘सरकारने शुल्क नाममात्र केलंय, कंपन्या उगाच रडतात.’ २०१६ च्या नियमांत किलोमीटरला कमाल १,००० रुपये ही मर्यादा होती, पण ती फक्त प्रशासकीय शुल्काची. रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च वेगळा, आणि खरी रक्कम तिथे असते. काँक्रीटचा रस्ता कापला की नुसता चर बुजवून भागत नाही, तिथलं काँक्रीट नव्याने भरावं लागतं. तो खर्च वसूल करणं मला गैर वाटत नाही. गैर आहे ते रस्ता बांधतानाच कडेने रिकामे डक्ट न टाकणं. ते असते तर प्रत्येक कंपनीला नव्याने खोदावं लागलं नसतं. त्यात पावसाळ्याच्या तोंडावर खोदाई थांबते ती थेट पाऊस सरल्यावर सुरू होते. मग कंपन्या सोपा मार्ग धरतात : या गच्चीवरून त्या गच्चीवर केबल, विजेच्या खांबांना लोंबकळत. डोंबिवलीच्या फडके रोडवर मान वर करून पाहा. खोदताना दुसऱ्याची केबल तुटू नये म्हणून मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आलं, पण खोदणाऱ्याने आधी कळवलं तरच त्याचा उपयोग.

‘भारतनेट आपल्याकडेही येईल.’ नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेली ती फायबरची योजना ग्रामपंचायतींसाठी आहे, महापालिकांसाठी नाही. उलट दूरसंचार कंपन्या समायोजित सकल महसुलावर जे ८ टक्के परवाना शुल्क भरतात, त्यातले ५ टक्के आजच्या ‘डिजिटल भारत निधी’त जातात, आणि भारतनेटला पैसा त्याच निधीतून मिळतो. म्हणजे ठाणे-कल्याणच्या बिलांतूनही गावाकडच्या फायबरला हातभार लागतो. योग्यच आहे, फक्त माहीत असावं.

‘ठाणे काय, डोंबिवली काय, सगळी मुंबईच.’ मोबाइलच्या नकाशावर हो, दोन्ही मुंबई सर्कलमध्ये. लँडलाइनवर मात्र ठाणे ०२२, मुळात एमटीएनएलचं. डोंबिवली ०२५१, बीएसएनएलचं. ही रेघ सरकारनेच आखलेली.

‘ब्रॉडबँड म्हणजे वेगवान.’ सरकारी व्याख्येत किमान वेग ५१२ केबीपीएस होता, जानेवारी २०२३ मध्ये तो २ एमबीपीएस झाला. जाहिरातीतल्या आकड्याशी याचा संबंध नाही.

‘सोसायटीने एका कंपनीशी करार केलाय, आता दुसरी येऊच शकत नाही.’ सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. केंद्राच्या परवान्यातली अट अशी की, कंपनीने मार्गाच्या हक्कासाठी कोणाशीही ‘फक्त आम्हीच’ असा करार करायचा नाही. मात्र सोसायटीची जागा खासगी आहे. तिथे वायर टाकायला समितीची संमती लागतेच, आणि समिती ती नाकारूही शकते. तेव्हा पुढच्या सर्वसाधारण सभेत इंटरनेट कंपनीचा करार आला, तर सही होण्याआधी तो मागवून वाचा. त्यात दुसऱ्या कंपन्यांना मज्जाव करणारं कलम असेल, तर ते काढायला लावा.