ग्रीन बिल्डिंग म्हणजे नेमकं काय? इमारती थंड राहिल्या तर शहरं कशी वाचतील?

एप्रिल-मे महिन्यात रात्री अकरा वाजताही स्लॅबखालचं घर तापलेलं असतं. पंखा फिरतो, पण गरम हवाच ढवळत राहतो. ज्यांना परवडतं ते एसी लावतात. एसी खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेरच्या गल्लीत टाकतो. तो चालवण्यासाठी लागणारी वीज आपल्याकडे आजही मुख्यतः कोळशापासून तयार होते. म्हणजे उकाड्यावर केलेला उपायच उकाडा वाढवतो. ज्यांच्याकडे एसी नाही, त्यांना दोन्ही बाजूंनी झळ बसते.

हे चक्र तोडायचं तर सुरुवात इमारतीपासून करावी लागते. 'ग्रीन बिल्डिंग' हा शब्द यासाठीच आला. जाहिरातींमधून मात्र त्याचा अर्थ बाल्कनीतली झाडं आणि लॉबीतली हिरवी भिंत एवढाच उरला आहे.

इमारतींचा हवामान बदलाशी काय संबंध?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार, ऊर्जावापर आणि औद्योगिक प्रक्रियांमधून जगभरात जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यातला एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा इमारती आणि बांधकाम यांचा असतो. याचे दोन भाग आहेत. पहिला, इमारत उभी करताना लागणारं सिमेंट, पोलाद, विटा, काच. दुसरा, ती उभी राहिल्यावर पुढची पन्नास-साठ वर्षं लागणारी वीज.

मुंबईचं उदाहरण पाहा. महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यानुसार २०१९ मध्ये शहरातून सुमारे २ कोटी ३४ लाख टन हरितगृह वायू बाहेर पडले. यातला जवळपास ७२ टक्के वाटा घरं, दुकानं, कार्यालयं आणि उद्योगांच्या ऊर्जावापराचा होता. वाहतुकीचा वाटा सुमारे २० टक्के होता. रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर डोळ्यांना दिसतो, भिंतीआड चालणारं वीज मीटर दिसत नाही. मुंबईला २०५० पर्यंत नेट झिरो, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट गाठायचं आहे. इमारती सुधारल्याशिवाय ते शक्य नाही.

घर तापतं कुठून?

उष्णता मुख्यतः तीन वाटांनी आत येते: छत, पूर्व-पश्चिमेच्या भिंती आणि काच.

उन्हाळ्यात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे सगळ्यात जास्त मार छत खातं. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री ती हळूहळू आत सोडतो. वरच्या मजल्यावरच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

दक्षिणेच्या खिडकीवर साधा छज्जा असला तरी सावली मिळते. पूर्व-पश्चिमेला तसं होत नाही. सकाळी आणि संध्याकाळी सूर्य खाली असतो, छज्जाखालून ऊन थेट आत शिरतं. म्हणून लांब बाजू उत्तर-दक्षिणेला आणि अरुंद बाजू पूर्व-पश्चिमेला ठेवली, तर एक रुपयाही जास्त खर्च न करता इमारत थंड राहते.

काचेचं गणित वेगळं. ऊन काचेतून आत येतं, फरशी आणि फर्निचर तापवतं. पण त्या तापलेल्या वस्तूंची उष्णता काचेतून तितक्या सहज बाहेर जात नाही. थंड देशांत, जिथे घर उबदार ठेवायचं असतं, तिथे हा गुण ठरतो. आपल्याकडे पश्चिमेला तोंड करून उभा असलेला पूर्ण काचेचा टॉवर म्हणजे दिवसभर एसी चालवण्याची हमी.

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली. भिंती आणि खिडक्यांमधून सरासरी किती उष्णता आत यावी, याची मर्यादा तिने घातली. मुंबईसारख्या उष्ण-दमट भागात उघडता येणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ घराच्या चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावं, असंही ती सांगते. अडचण एवढीच की राज्यं आणि महापालिका आपल्या बांधकाम नियमांत असे निकष घेत नाहीत, तोवर ते बहुतेक ठिकाणी कागदावरच राहतात.

जुन्या घरांकडून काय शिकता येतं?

देशावरच्या वाड्यांच्या जाड भिंती दुपारचं ऊन आत पोहोचायला उशीर लावत. मधल्या चौकातून गरम हवा वर निघून जाई. कोकणातल्या घरांची गरज वेगळी होती. तिथे हवेत दमटपणा जास्त, म्हणून वारा खेळता राहणं महत्त्वाचं. उतरतं कौलारू छप्पर, बाहेर आलेली पडवी आणि समोरासमोर खिडक्या ही रचना त्यातूनच आली.

आज दाटीच्या शहरात वाडा बांधता येणार नाही. पण त्यामागचं तत्त्व वापरता येतं: आधी ऊन अडवा, मग वारा येऊ द्या आणि एवढं करूनही गरज उरली तरच यंत्र लावा. ग्रीन बिल्डिंगचं सार याच क्रमात आहे.

चुन्याच्या एका हाताने काय होतं?

मे २०१० मध्ये अहमदाबादमध्ये पारा ४६ अंशांच्या वर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक जास्त मृत्यू झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. त्यानंतर महापालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला आणि २०१७ पासून त्यात 'कूल रूफ'ची भर घातली. झोपडपट्ट्यांमधल्या हजारो छपरांना पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा रंग देण्यात आला.

यामागचं विज्ञान सोपं आहे. गडद छप्पर बहुतेक ऊन शोषून घेतं, ताजं पांढरं छप्पर बहुतेक ऊन परत पाठवतं. त्यामुळे घरातलं तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरू शकतं. पत्र्याच्या घरात दुपारी झोपलेल्या बाळासाठी किंवा आजारी माणसासाठी हा फरक लहान नाही. मर्यादाही आहे. धूळ आणि पावसाने पांढरेपणा उतरतो, त्यामुळे छत धुवावं लागतं आणि ठरावीक काळाने पुन्हा हात मारावा लागतो.

तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफ धोरण आणलं. सरकारी आणि व्यावसायिक इमारतींना, तसंच ६०० चौरस यार्ड किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या घरांना ते बंधनकारक केलं.

प्रमाणपत्र असलं की इमारत हरित झाली का?

भारतात गृहा, आयजीबीसी आणि लीड ही मानांकनं प्रचलित आहेत. पाणी, वीज, कचरा, बांधकाम साहित्य अशा निकषांवर ती गुण देतात. महाराष्ट्रात मुंबई वगळता बहुतांश भागाला लागू असलेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीत अशा इमारतींना मानांकनानुसार ३ ते ७ टक्के जादा एफएसआयची सवलत आहे.

पण मानांकन बऱ्याचदा आराखड्यावर मिळतं आणि वीज प्रत्यक्ष वापरावर जळते. सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा बंद पडली, सौर पॅनलवर धूळ बसली, तर दारावरची पाटी तशीच राहते आणि बिल वाढत जातं.

वस्ती चुकली तर इमारत काय करणार?

इथे नगररचना महत्त्वाची ठरते. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात पुनर्वसनासाठी उंच इमारती बांधल्या गेल्या. काही ठिकाणी दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम ३ मीटर आहे. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या अभ्यासात अशा कमी उजेड-वाऱ्याच्या घरांमध्ये क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं. अशा इमारतीच्या छतावर सौर पॅनल बसवले, तरी ती राहणाऱ्यांसाठी चांगली ठरत नाही. दोन इमारतींमध्ये किती अंतर असावं, हा नगररचनेचा प्रश्न आहे. तोच आरोग्याचा आणि हवामानाचाही आहे.

कोलंबियातल्या मेडेलिन शहराने दुसऱ्या टोकाचं उदाहरण घालून दिलं. तिथे रस्ते आणि नाल्यांच्या कडेने झाडांचे ३० सलग पट्टे तयार करण्यात आले. त्या पट्ट्यांत तापमान सुमारे २ अंशांनी कमी झालं. एका मोठ्या बागेपेक्षा लोक रोज चालतात त्या वाटेवरची सलग सावली जास्त उपयोगी पडते.

अंतराचंही तसंच आहे. शहराबाहेर माळरानावर पंचतारांकित हरित टॉवर उभा राहिला आणि प्रत्येक घरातून रोज दोन गाड्या तीस किलोमीटर धावू लागल्या, तर इमारतीने वाचवलेली वीज पेट्रोलमध्ये जाते. स्टेशनपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी राहणारं साधं कुटुंब बऱ्याचदा कमी कार्बन सोडतं.

पाडून पुन्हा बांधणं कितपत हरित?

सध्या मुंबई-पुण्यात पुनर्विकासाचा जोर आहे. जुन्या इमारतीतलं सिमेंट आणि पोलाद तयार होताना जो कार्बन बाहेर पडला, तो पडून गेला. ती पाडली की राडारोडा होतो आणि नव्या इमारतीसाठी पुन्हा तेवढा किंवा जास्त कार्बन सोडला जातो. इमारत धोकादायक असेल तर पर्याय नाही. पण ज्या इमारतीची दुरुस्ती शक्य आहे, तिथे छत, खिडक्या आणि वायरिंग सुधारणं हा कमी कार्बनचा मार्ग असू शकतो.

बांधायचंच असेल तर साहित्य बदलता येतं. चुनखडी आणि भाजलेली माती वापरून केलेलं 'एलसी३' सिमेंट नेहमीच्या सिमेंटपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत कमी कार्बन सोडतं. भारतातल्या आयआयटींचा ते विकसित करण्यात वाटा आहे.

घर घेताना काय विचारावं?

- मोठ्या खिडक्या कोणत्या दिशेला आहेत? पश्चिमेला असतील तर बाहेरून सावलीची सोय आहे का?
- समोरासमोर खिडक्या उघडून हवा आरपार जाते का?
- शेजारच्या इमारतीचं अंतर किती आहे? नंतर तिथे आणखी मजले चढणार आहेत का?
- छतावर उष्णतारोधक थर किंवा पांढरं आवरण आहे का?
- पावसाचं पाणी जमिनीत मुरायला जागा आहे, की सगळं आवार पेव्हर ब्लॉकने भरलंय?
- बस किंवा स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आहे का?

जुन्या सोसायटीत राहणाऱ्यांनाही पहिलं पाऊल टाकता येतं. पुढच्या सर्वसाधारण सभेत गच्चीला ऊन परतवणारा रंग देण्याचा ठराव मांडता येईल. घरातला एसी २४ अंशांवर ठेवता येईल. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजानुसार तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. इमारतींमधलं अंतर, झाडांचे पट्टे आणि बसमार्ग मात्र विकास आराखड्यात ठरतात. त्यावर कायद्याने हरकती आणि सूचना मागवल्या जातात. ती मुदत बहुतेकांच्या नकळत संपते आणि पुढची वीस वर्षं शहर त्याच आराखड्यावर उभं राहतं.