सूर्य होतोय हलका, पृथ्वी सरकतेय दूर

ढाणकी (जि. यवतमाळ) - उमरखेड तालुक्यातील ढाणकी परिसरात मे महिन्याच्या उत्तरार्धात भरदुपारी सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि सावली क्षणभर पायाखाली नाहीशी होते. विदर्भातील त्या दिवसांचे रणरणते ऊन पाहता सूर्यच जवळ आला असावा, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती उलट आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती ऐन थंडीत, जानेवारीच्या सुरवातीला. ऋतू ठरतात ते पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे.

दीर्घ काळाचा विचार केला, तर पृथ्वी सूर्यापासून हळूहळू दूर चालली आहे. सूर्याच्या गाभ्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होते. त्यातील ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडते. सौरवाऱ्यातून वाहून जाणारे कण वेगळेच. वस्तुमान घटले, की गुरुत्वाकर्षणाची पकड सैल होते आणि ग्रहांच्या कक्षा रुंदावतात. पृथ्वीच्या बाबतीत ही वाढ वर्षाला जेमतेम दीड सेंटिमीटर आहे. 'मेसेंजर' यानाने बुध ग्रहाभोवती फिरून नोंदविलेल्या माहितीवरून शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ही घट अप्रत्यक्षपणे मोजली. सौरवाऱ्याचा अभ्यास भारताचे 'आदित्य एल-१' हे यानही करीत आहे. त्यावरील 'सूट' ही दुर्बीण पुण्याच्या 'आयुका'ने विकसित केली आहे.

मग दूर गेल्याने पृथ्वी थंड होईल काय? तसे होणार नाही. याच गतीने शंभर कोटी वर्षांत अंतर वाढेल सुमारे १५ हजार किलोमीटरने, म्हणजे आजच्या १५ कोटी किलोमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतके. त्याच काळात वयोमानानुसार सूर्याची तेजस्विता मात्र सुमारे दहा टक्क्यांनी वाढेल. ती वाढ समुद्र आटविण्यास पुरेशी ठरू शकते.

सूर्याचे वय आज सुमारे ४६० कोटी वर्षे आहे. आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी त्याच्या गाभ्यातील हायड्रोजन संपेल आणि तो फुगत जाऊन तांबडा राक्षसी तारा बनेल. बुध व शुक्र गिळले जातील. त्या अवस्थेत सूर्य बरेच वस्तुमान गमावील, त्यामुळे पृथ्वीची कक्षा रुंदावेल. तरीही पृथ्वी वाचणार नाही, असा निष्कर्ष श्रोडर व स्मिथ या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये मांडला. शेवटी उरलेला श्वेतबटू आजच्या सूर्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक वस्तुमानाचा असेल आणि मंगळापलीकडच्या ग्रहांच्या कक्षा जवळपास दुप्पट होतील.

हा सारा हिशेब कोट्यवधी वर्षांचा आहे. गेल्या शतकातील तापमानवाढीशी सूर्याच्या वार्धक्याचा संबंध नाही. तिचे प्रमुख कारण कोळसा व खनिज तेलाचा वापर हे आहे आणि त्यावरचा उपाय माणसाच्याच हाती आहे.