मोडलेला खांदा आणि ‘उलटा’ सांधा

गुडघे बदलण्याची शस्त्रक्रिया आता आपल्या वस्त्यांत नवी राहिलेली नाही. खांदाही बदलता येतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. मोरीत पाय घसरून पडलेल्या आजीचा हात वर जात नाही, तेव्हा घरचे म्हणतात, वय झाले, चालायचेच! वेणी घालता येत नाही, त्या कुशीवर झोपता येत नाही. हे ‘चालायचेच’ आम्हाला मान्य नाही.

दंडाच्या हाडाचे वरचे टोक गोल असते आणि फऱ्याच्या हाडावर त्याला टेकायला उथळ वाटी असते. उथळ, म्हणूनच हात चहूकडे फिरतो. गोळा जागेवर धरतात चार लहान स्नायू. ते गोळ्यालगतच्या उंचवट्यांना चिकटलेले असतात. पाळी गेल्यावर बायकांची हाडे ठिसूळ होऊ लागतात. अशा हाडाचे पडल्यावर तीन-चार तुकडे होतात. पुष्कळांचे हाड गळ्यातल्या झोळीतच जुळून येते. पण गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर तो मरतो, ढासळतो. उंचवटे झिजतात, स्नायूंची पकड जाते. आधी बसवलेले स्क्रू बाहेर येऊन वाटीही खरवडतात.

१८९३ साली पॅरिसमध्ये डॉ. पेआँ यांनी क्षयाने पोखरलेल्या खांद्यात प्लॅटिनम व रबराचा सांधा बसवला. रोगी पाव भाजणारा होता. जंतुसंसर्गामुळे सुमारे दोन वर्षांनी तो सांधा काढावा लागला. पुढे १९५० च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स नीर यांनी मोडक्या गोळ्याच्या जागी धातूचा गोळा बसवला. पण स्नायूच निकामी असतील तर हात उचलणार कोण? १९८५ च्या सुमारास फ्रान्समधील डॉ. पॉल ग्रामाँ यांनी सांधाच उलटा केला. गोळा फऱ्याला, वाटी दंडाला! त्यामुळे खांद्यावरचा मोठा स्नायू एकटाच हात उचलू शकतो. आम्हाला ही युक्ती फार आवडली.

वाटीचे हाड झिजले असेल तर रोग्याच्याच कमरेचे हाड घेऊन भर घालतात. दंडाचे गेले असेल तर लांब दांड्याचा सांधा लावतात, कधी दान मिळालेले हाड वापरतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८८ पासून अशी पेढी आहे. आधी सीटी स्कॅन, जंतुसंसर्गासाठी रक्ततपासणी आणि मोठ्या स्नायूच्या शिरेची परीक्षा होते. ती शीर कायमची मेली असेल तर उलटा सांधा उपयोगी पडत नाही.

शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे झोळी, मग कित्येक महिने व्यायाम. त्या हाताने रेटा देऊन खुर्चीतून उठायचे नाही. बहुतेकांचे दुखणे कमी होते, हात डोक्यापर्यंत जातो, पाठीमागे मात्र नीट वळत नाही. हंडा-कळशी उचलणे बंदच. सांधा निखळण्याचा व पिकण्याचा धोका राहतो, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

आता पैशाचे. सांधा महाग असतो. कामगार विमा असल्यास तिथे आधी जावे. जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना २००६ च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला भेटावे, मागायला लाजू नये. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे बरोबर न्यावेत. जुने एक्स-रे भंगारात घालू नका. हाड किती गेले, हे त्यांवरूनच कळते.