साबणाची वडी: हौसेची आणि जोखमीची

दिवाळीत शेजारणीकडे फराळाचे ताट जाते, आणि ते कधी रिकामे परत येत नाही. त्याच रीतीने काही हौशी मैत्रिणी घरी केलेल्या साबणाच्या वड्या एकमेकींना देतात. पाच जणींनी पाच-पाच वड्या करायच्या, एक आपल्यापाशी ठेवून चार वाटायच्या. घरी येताना प्रत्येकीच्या पिशवीत पाच तऱ्हेच्या वड्या! हौस छानच आहे. पण चकली बिघडली तर फार तर मऊ पडते. साबण बिघडला तर दुसरीच्या अंगाची आग होते. म्हणून हा उद्योग समजून-उमजून करावा.

तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून साबण तयार होतो. प्रमाण बरोबर असेल तर मुरलेल्या वडीत कॉस्टिक उरत नाही. मात्र प्रत्येक तेलाची भूक निराळी. शंभर ग्रॅम खोबरेलाला सुमारे 18 ग्रॅम कॉस्टिक लागते, तर तिळाच्या तेलाला जेमतेम 13. म्हणून इथे वाटी-चमच्याचा अंदाज उपयोगाचा नाही. तेलसुद्धा काट्यावर तोलूनच घ्यायचे.

साहित्य: खोबरेल 250 ग्रॅम, तिळाचे तेल 200 ग्रॅम, एरंडेल 50 ग्रॅम, शुद्ध कॉस्टिक सोडा 75 ग्रॅम, पाणी 165 ग्रॅम. यात कॉस्टिक मुद्दाम पाच टक्के कमी धरले आहे, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहून वडी सौम्य होते. मोरी साफ करायची पूड यासाठी मुळीच वापरू नये.

कृती: मुले घरात नसताना, खिडकी उघडून बसावे. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना बंदिस्त चष्मा हवाच. भांडी स्टीलची; ॲल्युमिनियमला कॉस्टिक खाते. पाण्यात कॉस्टिक थोडे थोडे घालावे, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये, ते उसळते. द्रावण खूप तापते. ते कोमट झाले की कोमट तेलात ओतून ढवळत राहावे. भज्यांच्या पिठासारखे दाट झाले की साच्यात ओतावे. एक-दोन दिवसांनी हातमोजे घालूनच वड्या पाडाव्यात आणि हवेशीर जागी चार ते सहा आठवडे ठेवाव्यात. अंगावर थेंब उडाला तर भरपूर पाण्याने धूत राहावे. डोळ्यात गेला तर पाण्याने धूत-धूतच डॉक्टर गाठावा.

आता सजावट. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे आपण सगळ्याच जाणतो. कच्च्या साबणातही हळद तशीच आधी लाल होते आणि मग हळूहळू पिवळटाकडे वळते. मंजिष्ठाने गुलाबी छटा येते, कॉफीने तपकिरी. गुलाबाच्या पाकळ्या मात्र आत घालू नका, काळ्या पडतात. दालचिनी-लवंगेचे तेल त्वचेला झोंबते, तेही टाळलेले बरे.

घरात लहान मूल असेल तर कॉस्टिकच्या वाटेला न जाता तयार ग्लिसरीन बेस आणावा. तो वितळवायचा, रंग-सुगंध घालायचा आणि साच्यात ओतायचा, की झाले! फक्त मोदकाच्या किंवा पेढ्याच्या आकाराची वडी मुलांच्या हाती लागू देऊ नका. दिसायला खाऊ, तोंडात साबण! आणि एकदा साबणाला वापरलेला साचा पुन्हा स्वयंपाकघरात नको.

देवाणघेवाणीचे दोन नियम कटाक्षाने पाळावेत. पहिला, वडी मुरल्यावर आधी स्वतः वापरून पाहायची, मगच द्यायची. दुसरा, प्रत्येक वडीला चिठ्ठी हवी: कोणकोणती तेले, कोणता रंग, कोणता सुगंध, कधी केली. एखादीला तिळाची ॲलर्जी असते, एखादीला वासाने शिंका येतात. तिला आधी कळायला नको का?

वड्या सुरेख जमल्या की ‘विकत का नाही?’ असे कोणीतरी विचारतेच. विक्रीसाठी अंगाचा साबण करायचा तर सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांप्रमाणे परवाना लागतो. तो काढायचा तर जरूर काढा, बरं का! पण तोवर ही वडी मैत्रिणीच्या हातात विश्वासाने ठेवायची वस्तू आहे, आणि तो विश्वास चिठ्ठीवरच्या चार खऱ्या ओळींनी टिकतो.