संत्र्याची बिनसाखरेची जेली



पांढुर्णा आणि सौसर या दोन तालुक्यांत संत्र्याचे कौतुक कोणी कोणाला सांगावे अशी स्थिती नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये हे दोन तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे निघाले आणि पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. नकाशावरची रेघ बदलली, बागा मात्र होत्या तेथेच आहेत. आंबिया बहराचे फळ दिवाळीच्या सुमारास हाती येते, मृग बहराचे होळीच्या आगेमागे. चांगला माल व्यापारी भरून नेतो आणि प्रतवारीत मागे पडलेले लहानसहान, डागाळलेले फळ घरात उरते. आज मी जी कृती सांगणार आहे ती या उरलेल्या फळाची आहे. आणि तितकीच ती घरातील त्या माणसासाठी आहे, ज्याच्या ताटात सणाच्या दिवशी गोड वाढताना वाढणारीचा हात अडखळतो.

मधुमेह हा केवळ शहरातील श्रीमंतांचा रोग आहे, हा समज आता टिकण्याजोगा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रोगी आहेत. अशा माणसाच्या घरी पोळ्याला पुरणपोळी होते, संक्रांतीला तिळगूळ होतो, आणि मग दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर ‘तुम्हाला चालत नाही’ असे म्हणून त्याच्यापुढे गोडाची वाटीच ठेवीत नाहीत, नाही तर ‘एका दिवसाने काय होते’ असे म्हणून दोन पोळ्या आग्रहाने वाढतात. दोन्ही वाईटच. दुसऱ्या प्रकारात रक्तातील साखर चढते हे उघड आहे. पण पहिल्या प्रकारात मन दुखावलेला माणूस दुपारी सर्वांचा डोळा लागला म्हणजे डब्यातील लाडू काढून खातो, हेही घरोघरी ठाऊक आहे. सर्वांच्या पंक्तीत बसून सर्वांबरोबर खाता येईल असे काही थंड, गोडसर त्यालाही मिळावे, एवढाच या खटाटोपाचा हेतू.

मुलांच्या वाढदिवसाला आपण जेलीची पुडी आणतो. तिच्यावर संत्र्याचे मोठे चित्र असते. आत मुख्यतः साखर असते, आणि तिच्या जोडीला गोठविणारा पदार्थ, आंबटपणा, रंग व वास. ज्या गावात संत्री पोत्यांनी पडलेली असतात तेथे संत्र्याच्या वासाची पुडी विकत घ्यावी, ही मला तरी मोठी गंमत वाटते. त्या पुडीतून आपल्याला हवा असतो तो फक्त गोठविणारा पदार्थ, आणि तो स्वतंत्रपणे मिळतो.

असे दोन पदार्थ आहेत. एक जिलेटिन. ते जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात, म्हणून शाकाहारी घरात ते चालत नाही. पुष्कळांना हे ठाऊक नसते, यासाठी स्पष्ट सांगितले. दुसरा पदार्थ आगर, ज्याला आपले किराणा दुकानदार ‘चायना ग्रास’ म्हणतात. नावात गवत असले तरी ते गवत नव्हे. समुद्रातील तांबड्या जातीच्या शेवाळाचा तो अर्क असतो. आपल्या देशात तमिळनाडूच्या रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर असे शेवाळ गोळा करतात. वाळलेल्या पांढुरक्या पट्ट्या किंवा भुकटी अशा रूपात ते मिळते. त्याला स्वतःची चव नाही, वास नाही, आणि ते आपल्या पोटात जवळजवळ पचतही नाही. म्हणून त्यापासून साखर चढत नाही. उपवासाला ते चालते की नाही, हा निर्णय ज्याने त्याने आपापल्या घरी करावा!

आपल्या भागात मी चायना ग्रासचीच शिफारस करीन, आणि त्याला आणखी एक कारण आहे. जिलेटिनची जेली ३० ते ३५ अंश उष्णतेला वितळू लागते. ती तोंडात विरघळते याची मौज खरीच. पण आपल्याकडे फाल्गुनातील दुपारीसुद्धा ती ताटातच विरघळून जाते. चायना ग्रासची जेली एकदा गोठली म्हणजे सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. या गुणाचा एक इतिहास आहे. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढविण्यासाठी जिलेटिनचा थर वापरीत आणि तो उन्हाळ्यात वितळून जाई. तेथे काम करणारे वाल्टर हेस या अडचणीने त्रासून गेले होते. १८८१ साली त्यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी आपल्या स्वयंपाकघरातील आगर सुचविले. जावा बेटात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना ते कळले होते, आणि उन्हाळ्यातही त्यांच्या जेल्या मोडत नसत. आज जगातील प्रत्येक जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत आगर आहे, ते एका गृहिणीच्या जेलीमुळे.

आता कृती. मध्यम आकाराची सहा-सात पिकलेली, गोड संत्री घ्यावीत. रस सुमारे ३०० मिलिलिटर निघावा. येथे एक गोष्ट सांभाळली नाही तर सारे श्रम फुकट जातात. आपल्या संत्र्याचा रस काढल्यावर काही तासांनी कडवट होतो, हे आपण अनुभवलेले आहे. फोडींच्या पापुद्र्यात आणि बियांत एक बेचव द्रव्य असते. रसाच्या आंबटपणात मिसळले की हळूहळू त्याचे लिमोनिन नावाचे कडू द्रव्य बनते, आणि रस तापविला तर ही क्रिया झपाट्याने होते. म्हणून बिया आधी काढाव्यात, फोडी यंत्रात घालून वाटू नयेत, हातानेच हलके पिळाव्यात, रस ताबडतोब गाळावा आणि तो विस्तवावर मुळीच ठेवू नये. वासासाठी एका स्वच्छ धुतलेल्या संत्र्याच्या सालीचा केवळ केशरी भाग चिमूटभर किसून घ्यावा. आतील पांढरा भाग कडू असतो.

चायना ग्रासच्या ५ ग्रॅम पट्ट्या कात्रीने बारीक कापून अर्धा तास थंड पाण्यात भिजत घालाव्यात. मग त्या पिळून २५० मिलिलिटर ताज्या पाण्यात घालून मंद आचेवर उकळाव्यात, आणि एकही तंतू दिसेनासा होईपर्यंत ढवळत राहावे. घाई करू नये. न विरघळलेला तंतू दाताखाली केसासारखा लागतो. पाणी आटून २०० मिलिलिटरच्या आसपास राहील. पातेले खाली उतरवून दोन-तीन मिनिटे थांबावे आणि ढवळीत ढवळीत रस ओतावा. रस थंडगार असता कामा नये, नाही तर गुठळ्या होतात; आणि तो चायना ग्रासबरोबर उकळायचाही नाही, कारण आंबटात उकळल्याने त्याची गोठविण्याची शक्तीच जाते. मिश्रण गाळून लगेच सहा वाट्यांत ओतावे. गोठेल की नाही अशी शंका असेल तर आधी चमचाभर मिश्रण गार बशीत टाकून पाहावे. ते ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान आपोआप घट्ट होते, त्याला शीतकपाटाची गरज नाही. ऐन वैशाखात मात्र खोलीतील हवाच त्याहून गरम असते. तेव्हा परातीत माठाचे पाणी घालून त्यात वाट्या ठेवाव्यात.

ज्यांना जिलेटिनच वापरायचे असेल त्यांनी ७ ग्रॅम भुकटी चार चमचे थंड पाण्यावर भुरभुरून दहा मिनिटे फुगू द्यावी, गरम पाण्यावर पातेले धरून विरघळवावी, पण उकळू नये, आणि रस व साधे पाणी मिळून अर्ध्या लिटरात मिसळून शीतकपाटात चार तास ठेवावी. तीत ताजी पपई किंवा अननस घालू नये; त्या फळांतील पाचकरस जिलेटिन पचवून टाकतो आणि जेली जमतच नाही. चायना ग्रासला ही बाधा नाही.

आता या जेलीला बिनसाखरेची म्हणावे काय? वरून साखर घातलेली नाही, एवढ्याच अर्थाने. रसात फळाची स्वतःची साखर असते, १०० मिलिलिटरला साधारण १० ग्रॅम. आपण ३०० मिलिलिटर रस घेतला, म्हणजे ३० ग्रॅम साखर आली. सहा वाट्या केल्या, म्हणजे दर वाटीस ५ ग्रॅम, सुमारे एक चहाचा चमचा. एका संत्र्यात जेवढी साखर असते तिच्या निम्मी. हा हिशेब वाट्या सहा केल्या तरच खरा. ‘बिनसाखरेची आहे, घ्या आणखी’ म्हणून तीन वाट्या वाढल्या तर तो मोडतो. आणि ‘साखर नको, थोडा गूळ घालते’, ‘मध औषधीच असतो’, ‘खजूर तर फळच आहे’, ही आपली नेहमीची वाक्ये. रक्ताला त्यातील फरक फारसा कळत नाही. मधुमेह्याने एरवी रसापेक्षा अख्खे संत्रे खाणे अधिक बरे, कारण त्यातील चोथा साखर सावकाश चढू देतो. जेली ही सणाची सोय आहे, रोजची नव्हे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ही वाटी आपल्या डॉक्टरांना सांगून आहारात धरावी.

बाजारी गोडव्याविषयीही विचारणा होते. सॅकरिन १८७९ पासून ठाऊक आहे. ते उष्णता सोसते, पण जिभेवर कडवट चव मागे ठेवते. १९६५ साली सापडलेले अ‍ॅस्पार्टेम फार वेळ तापविल्यास गोडी गमावते, म्हणून ते पातेले उतरल्यावर घालावे. फेनिलकीटोनमेह हा जन्मजात विकार असणाऱ्यांना ते वर्ज्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली, वजन कमी करण्यासाठी असे गोडवे वापरू नयेत असा सल्ला दिला. आधीच मधुमेह असलेल्यांना मात्र तो सल्ला उद्देशून नव्हता. पिकल्या संत्र्याच्या जेलीत यांपैकी कशाचीच गरज नाही, असे माझे मत आहे. उन्हाळ्यात संत्री संपल्यावर लिंबाची जेली करू जाल तर गोडवा लागेलच; तेव्हा तो बेताने, चव पाहून घालावा.

एक सूचना मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. औषध घेणाऱ्या मधुमेह्याला एकाएकी घाम सुटला, हातपाय कापू लागले, बोलणे असंबद्ध होऊ लागले, तर रक्तातील साखर उतरलेली असण्याचा संभव असतो. त्या वेळी ही जेली देऊ नये. तिच्यात साखर थोडी आणि ती रक्तात पोहोचण्यास उशीर. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजावे आणि पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा.

तयार जेली त्याच दिवशी संपवावी. शीतकपाटात दोन दिवस राहते, पण तिला पाणी सुटू लागते. वाढताना वाटीच्या कडेने सुरी फिरवून ती बशीत उपडी करावी आणि वर सोललेली एक फोड ठेवावी. घरातील सर्वांना हीच जेली वाढावी, मुलांनासुद्धा. वेगळी वाटी एकट्याच्याच पुढे आली की तो पुन्हा आजारी ठरतो.