कच्च्या आहारातील दाणे : निवड हाच अग्नी

फळे, भाज्या, मोड आलेली धान्ये, सुकामेवा आणि बिया यांवरच भर देणाऱ्या कच्च्या आहाराकडे शहरांतील अनेकांचा कल असतो. या आहारातील प्रथिने आणि स्निग्धांश प्रामुख्याने दाण्यांतूनच मिळतात. मात्र, स्वयंपाकात जे काम अग्नी करतो, ते येथे निवडीला करावे लागते. महात्मा गांधींनी १९२९ मध्ये अपक्व आहाराचा प्रयोग केला, तोही प्रकृती बिघडल्याने काही महिन्यांतच थांबवावा लागला.

या आहारासाठी महागडा सुकामेवाच हवा, असे नाही. छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात शेंगदाणे, तीळ, जवस आणि कारळे सहज मिळतात. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम, तर बदामांत सुमारे २१ ग्रॅम प्रथिने असतात. ओमेगा-३ स्निग्धाम्लासाठी अक्रोड प्रसिद्ध असला, तरी जवसात ते त्याच्या दुपटीहून अधिक असते.

शेंगदाणे : खरा धोका बुरशीचा. ओलसर साठवणीत वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी दगावले, तेव्हा भुईमुगाच्या पेंडीतून त्याचा शोध लागला. हे विष भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही आणि भिजवल्याने धुऊनही जात नाही. म्हणून सुरकुतलेले, काळपट, फुटके वा कडवट दाणे वेचून टाकावेत. शक्य तर वाळलेल्या शेंगा आणून घरीच फोडाव्यात.

जवस : कच्च्या जवसात सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. भाजल्याने ती कमी होतात. जवस भाजून चटणी करण्याची मराठवाड्यातील रीत त्यामुळे शहाणपणाचीच ठरते. कच्चे खायचे असल्यास दिवसाला एक चमचा पुरे. अख्खे दाणे न पचताच बाहेर पडतात, म्हणून ते कुटून लगेच खावेत.

बदाम : कडू बदामातही अशीच विषारी द्रव्ये असतात आणि तीही बऱ्याच अधिक प्रमाणात. बदाम कडू लागताच थुंकून टाकावा.

काजू आणि गोडंबी : काजूच्या टरफलातील तेलाने त्वचा भाजते. त्यामुळे काजूबी वाफवून किंवा भाजूनच फोडतात. बाजारातील ‘कच्चा’ काजू सहसा असा उष्णता लागलेलाच असतो. बिब्बा याच कुळातला. त्यातील गोडंबीला टरफलाचे तेल लागलेले असल्यास तोंडाला फोड येऊ शकतात. कच्च्या आहारात ती टाळणेच श्रेयस्कर.

खवट वास हा तेल बिघडल्याचा संकेत होय. मे महिन्यात शहराचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा दाणे थोडेच आणावेत, घट्ट झाकणाच्या बरणीत भरून शीतकपाटात ठेवावेत. भिजवलेले दाणेही बाहेर न ठेवता एक-दोन दिवसांत संपवावेत.

१०० ग्रॅम सुकामेव्यातून साधारण ५५० ते ६५० कॅलरी मिळतात. त्यामुळे रोज मूठभर प्रमाण पुरेसे आहे. दाण्यांची अॅलर्जी असलेल्यांनी हा मार्ग धरू नये. दूधही वर्ज्य करणाऱ्यांना बी-१२ जीवनसत्त्व दाण्यांतून मिळत नाही, त्यासाठी वैद्यकीय सल्ला आवश्यक आहे. लहान मुले आणि गर्भवती यांना केवळ कच्च्या आहारावर ठेवणे योग्य नाही. अन्न कच्चे असणे ही शुद्धतेची खूण नव्हे. ती दाणा पारखून घेतल्यानेच लाभते.