शाळेची घंटा आणि दुकानाचे शटर

सकाळचे साडेआठ वाजलेले. लंडनमधील एका गल्लीच्या तोंडाशी मालाची गाडी वळते. गल्लीत शाळा आहे आणि शाळेच्या पुढे चार दुकाने. गाडीवाला माल उतरवतो आणि निघून जातो. त्याला कोणी अडवत नाही, शिट्टी वाजत नाही. काही दिवसांनी मात्र टपालाने कौन्सिलचे पत्र येते. त्यात गाडीचा फोटो असतो आणि दंडाची रक्कम असते 160 पौंड. त्या फेरीत मिळालेला नफा तर जातोच, शिवाय पदरचे भरावे लागतात.

ही हकीकत कोणा एकाची नव्हे. ब्रिटनमध्ये ‘स्कूल स्ट्रीट’ नावाची व्यवस्था आता चांगलीच रुळली आहे. रत्नागिरी-रायगडकडची अनेक कुटुंबे त्या देशात स्थायिक आहेत. कोणी दुकान चालवतो, कोणी टॅक्सी, कोणी घरपोच माल पोहोचवतो. म्हणून या व्यवस्थेची व्यापारी बाजू वाचकांसमोर ठेवणे आम्हाला अगत्याचे वाटते.

व्यवस्था काय आहे?

शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी शाळेसमोरचा रस्ता मोटारींना बंद ठेवायचा, एवढीच ही कल्पना. इटलीतील बोल्झानो शहराने 1989 मध्ये ती प्रथम अमलात आणली. ब्रिटनमध्ये स्कॉटलंडच्या ईस्ट लोदियन भागात 2015 साली तिचा प्रयोग झाला आणि पुढे लंडनने ती उचलून धरली. 2020 नंतर तिचा प्रसार झपाट्याने झाला. आज एकट्या लंडनमध्ये असे 500हून अधिक रस्ते आहेत.

बंदीची वेळ सर्वसाधारणपणे सकाळी व दुपारी तास-दीड तासाची असते. ती शाळेच्या दिवसांपुरतीच असते. सुट्टीत रस्ता मोकळा. पायी चालणारे आणि सायकलवाले यांना अटकाव नसतो. रुग्णवाहिका व अग्निशमन दलाच्या गाड्यांनाही नसतो. त्या रस्त्यावर राहणाऱ्यांना आणि तेथेच धंदा असणाऱ्यांना परवाना मिळतो. हा परवाना म्हणजे काचेवर चिकटवायचा कागद नव्हे. पत्त्याचा पुरावा देऊन गाडीचा नंबर कौन्सिलकडे नोंदवायचा. रस्त्याच्या तोंडाशी बसवलेला कॅमेरा प्रत्येक गाडीची नंबरपट्टी वाचतो आणि यादीत नंबर नसेल तर दंडाची नोटीस निघते. लंडनबाहेरील इंग्लंडमध्ये हे दंडाचे अधिकार पूर्वी पोलिसांकडेच होते. 31 मे 2022 पासून तेथील कौन्सिलांनाही ते मागून घेता येतात.

दुकानदाराची अडचण

परवाना दुकानदाराच्या स्वतःच्या गाडीला मिळतो. त्याला माल पुरवणाऱ्याच्या गाडीला सहसा मिळत नाही. गिऱ्हाइकाच्या गाडीला तर नाहीच. सकाळचे दूध, पाव, वर्तमानपत्रे आणि दुपारी मुलाला घ्यायला आलेल्या पालकाची किरकोळ खरेदी, हीच छोट्या दुकानाची कमाईची वेळ. नेमकी तीच बंदीची. टॅक्सीवाल्याची तऱ्हा आणखी निराळी. गिऱ्हाईक आत उभे असते आणि रस्ता दाखवणारे यंत्र बंदीची सूचना देईलच असा भरवसा नसतो.

तरीही हिशेब शांतपणे करून पाहावा. दिवसाला दोन तास बंदी धरली आणि इंग्लंडमधील सरकारी शाळांचे वर्षाला 190 दिवस धरले, तर बंदी 380 तासांची होते. वर्षाचे तास 8,760. म्हणजे रस्ता वर्षातील शंभरातले सुमारे 96 तास खुला असतो. मालाची फेरी सकाळी आठच्या आत किंवा साडेनऊ ते अडीचच्या दरम्यान आणता आली तर निम्मे दुखणे कमी होते. गिऱ्हाईक पायी येणारे असेल तर त्याला बंदीचा अटकाव नसतोच.

दुसरी बाजू

बंदी उगाच घातलेली नाही. मुलांना सोडायला आलेल्या मोटारी शाळेच्या दारात उलटसुलट वळतात, पदपथावर चढतात आणि इंजिन चालू ठेवून धूर सोडतात. लंडनमधील 18 प्राथमिक शाळांजवळ हवेची तपासणी करून 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सकाळी मुले सोडण्याच्या वेळी नायट्रोजन डायऑक्साइडचे प्रमाण 23 टक्क्यांपर्यंत घटल्याचे त्यात दिसून आले. वाहतूक नुसती शेजारच्या गल्लीत सरकते, हा आक्षेपही तपासला गेला. एडिनबरो नेपियर विद्यापीठाच्या 2020 मधील आढाव्यात असे स्थलांतर फारसे आढळले नाही. शेवटी दुकानदाराचीही मुले त्याच शाळेत जातात, हे विसरून चालणार नाही.

काय करावे?

पुष्कळ ठिकाणी अशी बंदी आधी प्रयोग म्हणून लागू होते. प्रायोगिक हुकूम जास्तीत जास्त 18 महिने चालतो आणि पहिल्या सहा महिन्यांत लेखी हरकत नोंदवता येते. मालाच्या वेळा, परवान्याच्या अटी, बंदीचे घड्याळ यांबद्दल जे सांगायचे ते तेव्हाच सांगावे. आमचे व्यापारी बांधव नेमके येथेच चुकतात. खांबावर नोटीस लागते तेव्हा वाचत नाहीत आणि दंड आला की जागे होतात.

दंड आलाच तर पत्र बाजूला टाकू नये. लंडनमध्ये 14 दिवसांत भरल्यास निम्मी रक्कम पुरते. नुसते दुर्लक्ष केल्यास पुढे दीडपट होते, म्हणजे 160चे 240 पौंड. पाटी झाडाआड होती किंवा परवाना असूनही नोटीस आली, असे काही असेल तर आधी कौन्सिलकडे लेखी तक्रार करावी. ती फेटाळली गेली तर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते. गाडी बदलली की नवा नंबर नोंदवायला विसरू नये. प्रत्येक कौन्सिलचे नियम थोडे निराळे असतात. तेव्हा दुसऱ्याच्या सांगण्यावर न जाता आपल्या रस्त्यावरची पाटी आपणच वाचावी.

दुकानाच्या परवान्याची मुदत आपण जशी डोळ्यांत तेल घालून सांभाळतो, तसाच हा रस्त्याचा परवानाही धंद्याच्या कागदपत्रांत जमा करावा. शाळेच्या घंटेप्रमाणे मालाच्या वेळा लावून घेणारा दुकानदार दंडातून वाचतो आणि त्याच्या दारासमोरून मुले निर्धास्त शाळेत जातात. आमच्या मते हा सौदा तोट्याचा नाही.